बेल हाउसिंगखालचा तोच थेंब: एमजीबीच्या गिअरबॉक्सचं सील पुन्हा पुन्हा का जातं?

तीन वर्षांत तीन वेळा इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवला. तिन्ही वेळा तक्रार एकच, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) तळाच्या भोकातून टपकणारं तेल. पहिल्या दोन वेळा गिअरबॉक्सचं पुढचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदललं, सगळं परत जोडलं, मिस्त्रींना पेढे दिले. पहिलं सील चारशे किलोमीटर चाललं, दुसरं एक पावसाळा. तिसऱ्या वेळी ठरवलं की नवीन सील पुडीतून काढायचंच नाही, आधी जुनं का गेलं ते कळू दे. या पोस्टमध्ये आहे ते त्या तिसऱ्या वेळचं.

गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, चारही गिअरना सिंक्रो (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) असलेला बॉक्स आणि मागे लेकॉक कंपनीचा एलएच ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांवर बनल्या, त्यामुळे सुट्या भागांची वानवा नाही. आपल्याकडे मात्र मोजक्याच आहेत, आणि त्या हातात धरलेले मिस्त्री त्याहून मोजके. बहुतेक जण 'इंग्रजांची गाडी आहे साहेब, तेल थांबलं की समजा संपलं' हा विनोद ऐकवून हात पुसतात. विनोद जुना आहे, आणि क्लचप्लेट तेलात भिजली की त्याचं हसूही येत नाही.

आधी आपली गाडी कोणती ते पाहा. १९६४ च्या शेवटापर्यंतच्या इंजिनांना तीन मेन बेअरिंग आहेत आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. तिथे तेल परत लोटणारी आट्यांसारखी खाच आहे. तिच्यातून थोडं तेल झिरपणारच, विशेषतः गाडी चढावर नाक वर करून उभी केली तर. नंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनाला मागे रबरी सील आहे. गिअरबॉक्सचंही तसंच: १९६७ पर्यंतच्या बॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रो नाही, त्यानंतरच्या बॉक्सला चारही गिअरवर आहे. दोन्हींचे भाग वेगळे, सील वेगळी. सुटे भाग मागवताना फक्त 'एमजीबीचं सील' म्हणालात तर पन्नास टक्के शक्यता चुकीचं येण्याची.

तेल कोणाचं?

इतर गाड्यांमध्ये हे सोपं असतं. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल असतं, त्याला गंधकाचा उग्र वास येतो, बोट नाकाशी नेलं की कळतं. एमजीबीत ही युक्ती चालत नाही, कारण कारखान्याने गिअरबॉक्समध्येही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल सांगितलंय. दोन्हीकडे एकच तेल, एकच वास. इंजिनाचं क्रँक सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील दोन्ही बेल हाउसिंगच्या आतच उघडतात, आणि दोन्हींचं तेल तळाच्या त्याच एका भोकातून बाहेर येतं.

फरक पडतो तो रंगात. इंजिनातलं तेल काजळीने काळं होतं, गिअरबॉक्समधलं वर्षभरानंतरही काकवीच्या रंगाचं राहतं. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपा आणि उजेडात धरा. माझ्या बाबतीत पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं, कारण मिस्त्रींनी आदल्या आठवड्यातच इंजिनाचं तेल बदललं होतं आणि दोन्ही तेलं सारखीच सोनेरी होती. अशा वेळी एक उपाय आहे: अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, वातानुकूलन यंत्राची गळती शोधणारे वापरतात तो. तो फक्त गिअरबॉक्समध्ये घाला, इंजिनात नाही. मग नोटा तपासायच्या छोट्या अतिनील बॅटरीने रात्री खालून बघा. थेंब हिरवट चमकला तर गिअरबॉक्स, नाहीतर इंजिन.

रंग घालायच्या आधी खालून पूर्ण धुऊन घ्या. पन्नास वर्षांचं चिखल-ग्रीसचं पुट तसंच ठेवून गळती शोधणं म्हणजे पुरात नळ शोधणं. डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी, मग कोरडं. त्यावर टाल्कम पावडर झटकली की तेलाचा ओघळ नेमका कुठून सुरू होतो ते दिसतं. पंचवीसेक किलोमीटर फिरवून आणा, त्यात थोडा वेगाचा रस्ता असू द्या. लगेच पाहा आणि रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा पाहा. फिरवल्यावर लगेच गळत असेल तर फिरणाऱ्या शाफ्टवरच्या सीलचा संशय घ्यायचा. फक्त उभी असताना गळत असेल तर ड्रेन प्लग, तळाच्या प्लेटचं पॅकिंग असल्या जागा बघायच्या.

हे करताना वरून खाली या. तेल नेहमी खाली आणि मागे जातं, कारण गाडी पुढे धावत असते. बी-सिरीज इंजिनाच्या डाव्या अंगाला, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मागे, टॅपेटची (वाल्व उघडणाऱ्या दांड्यांच्या खालच्या टोकांची) दोन झाकणं आहेत. त्यातलं मागचं झाकण पाझरलं की तेल ब्लॉकवरून ओघळत बॅकप्लेटवर जातं आणि बेल हाउसिंगच्या कडेने खाली येतं, हुबेहूब गिअरबॉक्स गळल्यासारखं. उजव्या अंगाला ऑइल प्रेशर गेजची नळी, तिचा रबरी भाग म्हातारा झाला की तोच प्रकार. एका मित्राच्या गाडीचा बॉक्स याच झाकणापायी उतरवला गेला होता, काही सापडलं नाही म्हणून परत चढवला. पॅकिंगची किंमत शंभर रुपये, मजुरीची मी विचारली नाही.

आणखी एक भामटा म्हणजे क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर. तो बेल हाउसिंगच्या उजव्या बाजूला आहे. त्यातून गळतं ते तेल नसून ब्रेक फ्लुइड. पाण्याने धुतलं जातं, तेल जात नाही. रंगावर पडलं की रंग फुगतो. क्लचचा पेडल मऊ लागत असेल तर आधी तिथे बघा.

बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकात एक स्प्लिट पिन सैल लोंबकळत असते. गाडी चालताना ती हलते आणि भोक तुंबू देत नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते भोक एम-सीलने बुजवून टाकलं होतं! गळती थांबली, तेल आत साठलं, क्लचप्लेट भिजली. गाडी विकत घेताना 'तेलाचा थेंब नाही' असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं.

बॉक्स उतरवण्याआधी फुकटच्या गोष्टी

तेलाची पातळी. १९७६ पर्यंतच्या या बॉक्सला बाजूला लेव्हलचा प्लग नाही. आत टनेलवर, गालिचाखाली एक रबरी बूच आहे, ते काढलं की खाली गेजची दांडी मिळते आणि तेलही तिथूनच घालायचं. आपले मिस्त्री आयुष्यभर 'बाहेर येईपर्यंत भरा' या पद्धतीने गिअरबॉक्स भरत आलेत. प्लग नसलेल्या बॉक्सवर ही पद्धत वापरली तर बाहेर येईपर्यंत बरंच जास्त भरलं जातं, आणि ते जास्तीचं तेल पुढच्या सीलवरच येऊन बसतं. ओव्हरड्राइव्हसकट या बॉक्सला साधारण ३.४ लिटर लागतं, त्याशिवाय ३ लिटर. मोजून भरा, थोडं चालवून ओव्हरड्राइव्ह वापरून बघा, सपाट जागी उभी करून दांडीवर पुन्हा पाहा. माझ्यात पहिल्यांदा पाच लिटरचा डबा जवळजवळ रिकामा झाला होता, आणि मी तिथेच उभा होतो, हे कबूल करतो.

श्वास. इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब बाहेर जायला पुढच्या टॅपेट झाकणावरच्या डब्यातून वाट आहे, तिथून नळी वर जाते. डबा काजळीने तुंबला की दाब वाट शोधतो, आणि मागचं क्रँक सील ही त्याची आवडती वाट. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढा. धूर जोरात फुसफुसत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. पिस्टन रिंगा झिजल्या असतील तर तो वेगळा खर्च. गिअरबॉक्सही गरम झाल्यावर आतली हवा फुगते, त्याची वाट कुठे आहे ते तुमच्या मॅन्युअलमध्ये पाहून तीही मोकळी करा.

आणि तेल कोणतं आहे ते. कुणीतरी प्रेमाने ९० नंबर घातलं असेल तर ओव्हरड्राइव्ह आळशी होतो, थंडीत सिंक्रो खरखरतात. शिवाय त्यातली काही तेलं, विशेषतः जीएल-५ लिहिलेली, पितळी-कांस्य भागांना मानवत नाहीत. माझ्या गाडीत ते नव्हतं, पण दुसऱ्या वेळी गॅरेजच्या पोऱ्याने ते घालण्याच्या तयारीत फनेल लावलेलं मी पाहिलं.

मागचा थेंब

स्पीडोमीटरच्या केबलची जागा आणि मागच्या फ्लँजचं (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो ती चकती) सील, या दोन गळत्या बॉक्स न उतरवता सुटतात. केबल जिथे बॉक्सला जोडते तिथे पिनिअनच्या घरात एक छोटं सील आणि बाहेर ओ-रिंग असते. आतलं सील गेलं की तेल केबलमधून वर चढतं, थेट डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत. मागच्या फ्लँजचं सील गेलं असेल तर ओळख सोपी: फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट तेल भिरकावतो, टनेलच्या आतल्या पत्र्यावर गोल पट्टा उमटतो. प्रॉपशाफ्ट सोडून, फ्लँजचा नट काढून ते बदलता येतं. नट किती ताणायचा तो आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको.

एलएच ओव्हरड्राइव्हच्या तळाला एक झाकण आहे, त्याच्या आत जाळी. इथे पाझर असेल तर पॅकिंग बदला आणि जाळी धुवा, पण त्या पॅकिंगवर सिलिकॉनची ट्यूब पिळू नका. जादा सिलिकॉन आत सुटून दोऱ्यासारखं लोंबतं, तुटतं आणि जाळीवर किंवा वाल्वमध्ये जाऊन बसतं. माझ्या जाळीवर अशी निळी शेवयांची गुंडाळी सापडली. ओव्हरड्राइव्ह कधीकधी का सुटतो हे कोडं तिथेच सुटलं. कागदी पॅकिंग, वर हायलोमार या न वाळणाऱ्या सीलिंग पेस्टचा पातळ थर, बस. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर पुन्हा वापरणार असाल तर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका. तांबं असं केल्याने मऊ होतं, पोलादासारखं कडक होत नाही.

आता खरी गोष्ट

पुढचं सील. एमजीबीत नुसता गिअरबॉक्स खालून काढता येत नाही, निदान माझ्या कुठल्याही मिस्त्रीला आलेला नाही. इंजिन आणि बॉक्स एकत्र, तिरपं करून, पुढून वर उचलावं लागतं. दोघांचं मिळून वजन दीडशे किलोच्या वर जातं, म्हणून चेन ब्लॉक पक्का हवा. बॉनेट, रेडिएटर, प्रॉपशाफ्ट, स्पीडोची केबल, ओव्हरड्राइव्हच्या वायरी, आतून गिअरची दांडी, खालचा क्रॉसमेंबर, एक्झॉस्ट, हे सगळं आधी सोडवायचं. स्लेव्ह सिलिंडरची नळी सोडू नका, सिलिंडर बोल्टवरून काढून तारेने बाजूला बांधा, क्लचची हवा काढायचं काम वाचतं. दोन माणसांचा पूर्ण दिवस.

पहिल्या वेळी इंग्लंडहून सील यायला वेळ होता म्हणून पुण्याच्या नाना पेठेत गेलो. दुकानदाराने व्हर्निअर लावलं, 'मिळेल की' म्हणाला आणि जवळच्या मापाचं मिलिमीटरमधलं सील दिलं. या गाडीत सगळं इंचात आहे, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या ओठाला अर्ध्या मिलिमीटरचा फरक चालून जाईल, बाहेरच्या मापात चालत नाही. माझं सील हाताने दाबून बसलं. हातोडीशिवाय बसलं म्हणून आम्हाला आनंद झाला. चारशे किलोमीटरवर ते घरातच, म्हणजे कव्हरमधल्या बसायच्या खाचेतच, फिरू लागलं. तेव्हा सील घराबाहेरून गळतंय की ओठातून, हे काढतानाच नीट पाहा: बाहेरच्या कडेवर ओली रेघ असेल तर माप चुकलंय.

दुसऱ्या वेळी बरोबर सील आलं, ताठ बसलं, बोट फिरवून समाधानही वाटलं. पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवली, दिवाळीच्या आधी बाहेर काढली, आणि पुन्हा गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर तेच डबकं. इथे दोन चुका होत्या, आणि दोन्ही सीलबाहेरच्या.

पहिली शाफ्टवर. इनपुट शाफ्टवर (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) जिथे ओठ टेकतो तिथे बोटाच्या नखाला लागेल असा चर पडला होता. जुनं सील पन्नास वर्षं तिथे घासत राहिलं होतं. धुळीचे कण ओठात रुततात आणि पोलाद कापतात, रबर नाही. नवा ओठ त्या चरात टेकला की त्याचा ताण कमी पडतो. नखाने तपासा, डोळ्यांनी दिसत नाही.

दुसरी चूक टोकाला. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकातल्या कांस्याच्या छोट्या बुशमध्ये फिरतं. तो बुश माझ्या इंजिनात लंबगोल झाला होता, उभं आणि आडवं माप यात व्हर्निअरवरच जवळपास पाव मिलिमीटरचा फरक. टोक हललं की पूर्ण शाफ्ट भोवऱ्यासारखा डुलतो, आणि सीलचा ओठ दर फेऱ्याला एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला सुटतो. असं असताना कितीही चांगलं सील बसवा, ते गळत राहणारच. बुश का झिजला याचा अंदाज मला आहे: दुसऱ्या जोडणीत बॉक्स बोल्टांवर येण्याआधी दहा-पंधरा मिनिटं शाफ्टवर लटकत होता, माझे हात खाली होते आणि मिस्त्री चहा घ्यायला गेले होते. बॉक्सचं वजन शाफ्टवर लटकवू नका. बुश आणि क्लचप्लेट दोन्ही वाकतात.

तिसऱ्या वेळी मग असं केलं. जुना बुश काढायला भोकात ग्रीस भरलं, त्याच मापाचा गोल रॉड घालून हातोडीने ठोकला. ग्रीसच्या दाबाने बुश मागून ढकलला जातो आणि बाहेर येतो. नवा बुश सिंटर्ड कांस्याचा, त्याच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. बसवण्याआधी तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. त्यावर ग्रीस लावायचं नाही, ग्रीस छिद्रं बुजवतं. तीन आणि पाच बेअरिंगच्या इंजिनांचे बुश एकसारखे नाहीत, ऑर्डर देताना सांगा.

शाफ्टच्या चरासाठी तीन वाटा आहेत. भोसरीच्या लेथवाल्याने हार्डक्रोम करून ग्राइंड करायचं सुचवलं, त्यासाठी बॉक्स पूर्ण उघडावा लागला असता. दुसरी, एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह, अवघ्या ०.२८ मिलिमीटर जाडीची पोलादी बाही, जी चरावर चढवतात. मूळ मापाचं सील तसंच चालतं. तिसरी सगळ्यात स्वस्त: सील घरात दीडेक मिलिमीटर मागे किंवा पुढे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर येतो. जागा असेल आणि तेल परत जाण्याची वाट झाकली जात नसेल तरच. मी तिसरी घेतली, स्लीव्ह मागवून ठेवली आहे.

सील बसवताना ओठाचा खोलगट भाग तेलाच्या बाजूला, ओठावर बोटभर ग्रीस. कोरडा ओठ पहिल्या मिनिटात जळतो. मग एक गोष्ट जी मी दोन्ही वेळा केली नव्हती: सील बसवलेलं गिअरबॉक्सचं पुढचं कव्हर शाफ्टवरून सरकवताना स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवर, पातळ टेप गुंडाळली. स्प्लाइनच्या धारा ओठाला ब्लेडसारख्या लागतात, एवढासा काप डोळ्याला दिसत नाही आणि तेलाला दिसतो. कव्हरच्या आतल्या शिमा (पातळ चकत्या) जशा निघाल्या तशाच परत. त्या बेअरिंगचा सैलपणा ठरवतात, त्यामुळे जाड पॅकिंग घरी कापून लावलं की तो हिशेबही बिघडतो. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि आटे इंचाच्या मापाचे, तेव्हा नाना पेठेतला मिलिमीटरचा बोल्ट 'थोडा घट्ट जातोय' म्हणून फिरवू नका. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावं लागतं.

क्लचप्लेट तेल प्यायलेली होती, पेट्रोलने पुसून चालेल का असं मिस्त्रींनी विचारलं. नाही चालत, गरम झाली की आतलं तेल पुन्हा वर येतं आणि गाडी निघताना थरथरते. नवीन घातली. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, ते झिजलेलं दिसलं तर त्याच फेरीत बदला, नाहीतर पुन्हा इंजिन उतरवायला तयार राहा.

आता उभी गाडी दर दोन आठवड्यांनी चालू करून आवारात पुढे-मागे करतो, पावसाळ्यातही. उद्देश बॅटरी नाही, ओठ ओला राहावा एवढाच. एकोणीसशे किलोमीटर झालेत, त्यात दोनदा महाबळेश्वरचा घाट. बेल हाउसिंगची स्प्लिट पिन अजून कोरडी आहे. पुठ्ठ्यावर मात्र गेल्या आठवड्यापासून एक नवा थेंब दिसतोय, काकवीच्या रंगाचा, मागच्या फ्लँजच्या बरोबर खाली.